रेस दिली की गाडी आवाज करते: दोष कुठे आहे ते शोधायचं कसं

पाय दाबला की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. अशी गाडी गॅरेजला नेली की पहिला प्रश्न येतो, "कसा आवाज येतो?" मग मालक तोंडाने आवाज काढून दाखवू लागतो. खडखड, घरघर, कटकट हे शब्द दहा जणांच्या तोंडी दहा अर्थांनी येतात. त्यातून फिटरला फारसं काही कळत नाही, आणि बऱ्याचदा नको तो भाग बदलला जातो.

त्यापेक्षा आवाज कशाच्या मागे धावतो ते बघा. इंजिनाच्या फेऱ्यांमागे, चाकांच्या वेगामागे, की इंजिनावर येणाऱ्या लोडमागे? रेस देताना या तिन्ही गोष्टी एकदम वाढतात, म्हणून गोंधळ होतो. तिन्ही एकमेकींपासून सोडवल्या की निम्म्याहून जास्त गाडी संशयातून सुटते, तीही हातात पाना घेण्याआधी.

सुरुवात डिकीपासून. डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनीचा बोल्ट सैल झालेला असतो, जॅक खाचेतून निसटलेला असतो, वणीच्या गडावरून आणलेला नारळ स्टेपनीच्या खळग्यात जाऊन बसलेला असतो. दारांच्या कप्प्यातल्या बाटल्या, सीटखालचं सामान, सगळं बाहेर. मग बोनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा बघा. सर्व्हिसिंगनंतर लगेच रेस देताना भसाडा, घोगरा आवाज सुरू झाला असेल, तर एखादी क्लिप नीट बसलेली नसते किंवा फिल्टर वाकडा बसलेला असतो. हे तपासायला एक मिनिट लागतं. सोबत ऑइलची डिपस्टिकही बघून घ्या: गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर पुढच्या चाचण्या ऑइल भरल्यावरच करा.

तीन चाचण्या

पहिली, उभ्या गाडीवर. सपाट जागा, हँडब्रेक, न्यूट्रल, बोनेट उघडं. आत एकाने बसून रेस हळूहळू १५००, २०००, २५००, ३००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला इंजिनाच्या फेऱ्या) न्यायची आणि प्रत्येक टप्प्यावर पाच सेकंद थांबायचं. एकदा एसी बंद ठेवून, एकदा चालू करून. हीच चाचणी सकाळी थंड इंजिनावर एकदा आणि गाडी चांगली गरम झाल्यावर एकदा करा, कारण काही आवाज फक्त थंडीत येतात आणि काही फक्त गरम झाल्यावर. आवाज इथेच आला, तर तो इंजिन, बेल्ट, सायलेन्सर किंवा क्लच-गिअरबॉक्सच्या बाजूचा आहे. चाकं आणि एक्सल सुटले.

दुसरी, चालत्या गाडीवर. नाशिकच्या त्र्यंबक रोडला सातपूर मागे टाकलं की पहाटे रस्ता बऱ्यापैकी मोकळा मिळतो. ६० च्या वेगात क्लच दाबून न्यूट्रलला टाका आणि गाडी वाहू द्या. इंजिन आयडलवर आलं तरी आवाज तसाच राहिला आणि वेग उतरला तसा उतरला, तर तो चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा. किल्ली बंद करायची नाही. स्टिअरिंग जड होतं, लॉकही होऊ शकतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. ही चाचणी घाटात तर कधीच नाही. कसारा उतरताना न्यूट्रलवर आवाज ऐकत बसणं हा वेडेपणा आहे.

तिसरी, लोडची. सपाटीवर तिसऱ्या गिअरला ४० चा वेग धरा आणि ऐका. मग त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला, उड्डाणपुलाच्या चढावर ऐका. फेऱ्या तेवढ्याच, चाकांचा वेग तेवढाच, वाढलं फक्त ओझं. आवाज चढावरच आला, तर संशयित थोडेच उरतात: नॉकिंग (सिलिंडरमधली खळखळ), टर्बोची होज (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याची रबरी नळी), इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार), ड्राइव्ह शाफ्ट (एक्सल, म्हणजे चाक फिरवणारा दांडा), क्लच.

आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे आत बसून ठरवता येत नाही, बंद काचांत कान फसतो. खिडकी उघडून एखाद्या भिंतीला किंवा दुभाजकाच्या काँक्रीटला लागून २०-३० च्या वेगात गाडी चालवा. आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि तेवढ्याने बाजू कळते.

उभ्या गाडीत येणारे आवाज

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो फॅन बेल्ट, इंजिनाच्या बाहेरच्या पुलींवर फिरणारा. रेस देताच, विशेषतः एसी चालू असताना किंवा पहिल्या पावसात, "चीऽऽ" असा कर्कश आवाज. खात्री करायला पाण्याची स्प्रे बाटली पुरते. इंजिन चालू ठेवून, हात दूर ठेवून, बेल्टच्या नाळीदार बाजूवर एक-दोन फवारे मारा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय: ताण कमी आहे किंवा बेल्ट झिजलाय. आवाज थोडा वेळ गायब होऊन परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. हल्लीच्या बेल्टला पूर्वीसारख्या चिरा पडत नाहीत, टायरसारखा तो नाळींमध्ये झिजतो, त्यामुळे "बेल्टला चीर नाही, चांगला आहे" हे जुनं निदान आता चालत नाही. नव्या बेल्टचा तुकडा शेजारी धरून नाळींची खोली बघा. साबण, मेण, बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे यांपैकी काहीही लावू नका. दोन दिवस आवाज थांबतो आणि मग धूळ चिकटून बेल्टच खराब होतो.

बेल्ट ठीक असून घुं-घुं किंवा किरकिर येत असेल, तर एखाद्या पुलीचं बेअरिंग गेलेलं आहे. इंजिन बंद करून बेल्ट उतरवा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवा: अल्टरनेटर, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप. चांगली पुली मऊ फिरते. गेलेलीत वाळू भरल्यासारखं लागतं, किंवा ती सायकलच्या चाकासारखी फिरतच राहते, म्हणजे आतलं ग्रीस संपलंय. बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवून बघता येतं. आवाज गेला तर दोष बेल्टवर फिरणाऱ्या भागांतच आहे. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. हे सगळं फॅन बेल्टबद्दल आहे, टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही.

दोष कुठल्या कोपऱ्यातला ते ऐकायला लांब स्क्रू-ड्रायव्हर डॉक्टरच्या नळीसारखा चालतो. टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि मूठ कानामागच्या हाडावर. ओढणी, उपरणं, सैल बाही, गळ्यातली चेन यांपैकी काही अंगावर ठेवून फिरत्या बेल्टवर वाकू नका. इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन इंजिन गरम असेल तर अचानक सुरू होतो, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा नेहमीचा आवाज पत्र्याचा. ठरावीक फेऱ्यांना, १८०० ते २२०० च्या आसपास, "झर्रर्र" असा येतो आणि पुढे गेलं की थांबतो. हा बहुधा सायलेन्सरच्या पाइपवरच्या हीट शील्डचा. खड्डे आणि पावसाळा मिळून त्याचे बोल्ट गंजतात, भोकं मोठी होतात आणि पत्रा पाइपवर नाचू लागतो. सायलेन्सर पूर्ण थंड झाल्यावर खालून लाकडी दांड्याने हलके ठोकत जा. जिथे तोच आवाज येतो तिथे दोष. भोक मोठं झालं असेल तर रुंद वॉशर घालून बोल्ट कसा. बोल्टची जागाच गेली असेल तर शील्ड आणि पाइप दोघांना वेढेल अशी मोठी स्टेनलेसची जुबली क्लिप लावून आवळा. शील्ड काढून फेकून देण्याचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. तो पत्रा गाडीचा तळ, वायरिंग आणि डिझेल-पेट्रोलच्या नळ्या उष्णतेपासून वाचवतो. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करणाऱ्यांना त्याची किंमत कळायला हवी.

सायलेन्सरची गळती वेगळी ओळखू येते. सकाळी थंड इंजिनावर रेस दिली की "टिकटिक" किंवा "फट्-फट्" जोरात, आणि दहा मिनिटांनी गरम झाल्यावर कमी. धातू गरम होऊन फुगतो आणि फट थोडी बुजते, म्हणून. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पहिल्या पाइपची) गॅस्केट, त्याचा तुटलेला स्टड किंवा पुढच्या पाइपमधला जाळीदार लवचीक तुकडा, या तीन जागा आधी बघा. गळतीशेजारी काजळीचा काळा फराटा दिसतो. दिसत नसेल तर थंड इंजिन चालू करून एकाने जाड ओल्या फडक्याने मागचा पाइप चार-पाच सेकंद अर्धवट दाबायचा. आतला दाब वाढतो आणि गळतीतून फुसफुस ऐकू येते. हे उघड्यावर करा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही, कारण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गळती इंजिनाजवळची असेल, तर दुरुस्तीपर्यंत काचा बंद करून गाडी चालवू नका.

गॅस्केट बदलताना घाई नडते. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी परत मारा, मगच पाना लावा. पृष्ठभाग ब्रशने साफ करून नवी गॅस्केट, नवे नट. कसायची सुरुवात मधल्या नटापासून करून बाहेरच्या बाजूला जायचं, आणि तेही दोन-तीन फेऱ्यांत. एम-८ च्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलचा धरा. एका टोकाकडून घट्ट करत गेलात तर मॅनिफोल्ड वाकडं बसतं आणि आठवड्याभरात पुन्हा टिकटिक. स्टड हेडमध्येच तुटला तर घरी ड्रिल घेऊन भिडू नका. अंबड-सातपूरला असे तुटलेले स्टड रोज काढणारे लेथवाले आहेत.

लोडवरच येणारे आवाज

चढावर, वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर पाय दाबला आणि डब्यात खडे हलवल्यासारखी "खळखळ" आली की ते नॉकिंग. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीने सुरू झालेल्या ज्योतीची वाट न बघता कोपऱ्यात आपोआप पेटतं आणि दाबाचा धक्का पिस्टनवर बसतो. नांदुरीहून वणीच्या गडावर जाताना चार माणसं, एसी चालू, एप्रिलचं ऊन आणि गाडी तिसऱ्या गिअरला १२०० फेऱ्यांवर: नॉकिंगला याहून अनुकूल परिस्थिती नाही. पहिला उपाय फुकट आहे. गिअर उतरवा, इंजिन २००० च्या वर ठेवा. "फेऱ्या वाढल्या की पेट्रोल जळतं" या समजापायी अनेक जण इंजिन दमवतात, आणि टर्बो पेट्रोल गाड्यांत तर कमी फेऱ्यांवर पूर्ण रेस देणं पिस्टन फोडू शकतं.

गिअर बरोबर असूनही खळखळ राहिली तर क्रमाने बघा. कूलंटची पातळी आणि तापमान. स्पार्क प्लग: मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबराचेच आहेत का, गॅप किती आहे (बहुतेक पेट्रोल गाड्यांत ०.७ ते १.१ मिमीच्या दरम्यान, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये), टोकावर पांढरे किंवा चकाकणारे कण आहेत का. मग नॉक सेन्सरचा कनेक्टर. मग पिस्टनवरचा कार्बन, जो शहरातल्या छोट्या अंतराच्या प्रवासांनी जास्त साचतो.

सीएनजी गाडीवाल्यांच्या हातात एक छान चाचणी आहे. त्याच चढावर, त्याच गिअरला एकदा पेट्रोलवर आणि एकदा सीएनजीवर जा. सीएनजीचा ऑक्टेन (आपोआप न पेटण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणून खरं नॉकिंग सीएनजीवर नाहीसं होतं. आवाज दोन्हीवर सारखाच राहिला तर तो यांत्रिक आहे, पेट्रोलला दोष देऊ नका. उलट, सीएनजीवरच रेस देताना गचके आणि इनटेकमध्ये "फट्" असा बार येत असेल, तर प्लग किंवा इग्निशन कॉइल थकलीय. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त ताकदीची लागते, त्यामुळे पेट्रोलवर निभावून नेणारा प्लग सीएनजीवर उघडा पडतो.

डिझेल गाडीची गोष्ट निराळी. थोडी खडखड डिझेलची जातच आहे. पण एकाच सिलिंडरची ठोक वेगळी ऐकू येत असेल, सोबत धूर आणि आयडलला थरथर असेल, तर इंजेक्टर. रिटर्न लाइनच्या चाचणीत चार बाटल्यांत चार इंजेक्टरांचं परतीचं डिझेल मोजतात. ज्याचं इतरांपेक्षा खूप जास्त येतं तो गळका. "चफ्-चफ्-चफ्" असा वाफेच्या इंजिनासारखा आवाज आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला, तर बहुधा इंजेक्टर शाबूत असून त्याखालचा तांब्याचा वॉशर गेलाय. तो स्वस्त असतो, पण जितका उशीर तितका इंजेक्टर हेडमध्ये घट्ट रुतून बसतो, आणि मग काढायची मजुरी वॉशरच्या कैकपट. नाशिकमध्ये हे काम जाणणारे हात मिळतात. सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात डिझेलचे नोझल आणि इंजेक्टरच बनत आले, आणि जुनी माणसं अजूनही त्या कंपनीला मायकोच म्हणतात.

टर्बोची होज जरा सावकाश समजून घ्या, कारण इथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो. लक्षणं अशी: १८०० च्या पुढे पाय दाबला की "सूंऽऽ" किंवा "फुस्स", पिकअप गेलेला, मागे काळा धूर. गॅरेजमध्ये गाडी उभी करून रेस दिली तर काहीच नाही. मग "टर्बो गेला" असा निकाल लागतो आणि मोठ्या खर्चाचं एस्टिमेट हातात पडतं. खरं तर उभ्या गाडीत टर्बो जवळजवळ दाबच तयार करत नाही, म्हणून होजमधली चीर मिटलेलीच राहते. लोड आलं की आत एक-दीड बार दाब येतो, होज फुगते आणि चीर तोंड उघडते.

टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या सगळ्या रबरी होजा थंड इंजिनावर हाताने चाचपा. नुसतं वरून बघणं पुरत नाही. प्रत्येक होज दोन्ही हातांनी वाकवा, पिळा. चीर बहुतेक वेळा वळणाच्या आतल्या बाजूला किंवा क्लिपच्या अगदी कडेला असते आणि वाकवल्यावरच दिसते. बोटाला तेलकट ओल लागली आणि तिच्यावर धूळ बसून काळा पट्टा झाला असेल तर तिथेच शोधा, कारण टर्बोच्या हवेत थोडी तेलाची वाफ असतेच आणि ती चिरेतून बाहेर फेकली जाते. चिरेवर टेप गुंडाळून गॅरेज गाठता येतं, त्याहून जास्त भरवसा ठेवू नका. तेल आणि उष्णता मिळून गोंद सोडवतात. होज नवी घाला, टोकं कोरडी पुसून घाला (तेलकट टोकावरून होज दाबाने निसटते), आणि क्लिप रबरात रुतेल इतकी आवळू नका.

टर्बो खरोखरच गेला असेल तर आवाज सायरनसारखा, फेऱ्यांसोबत चढत जाणारा, तीक्ष्ण. सोबत निळा धूर आणि कमी होणारं ऑइल. टर्बोच्या तोंडाची होज काढून पंख्याची दांडी बोटांनी हलवा. आडवा किंचित खेळ असतोच, पण दांडी पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील तर रेस न देता गाडी टो करून न्या. तुटलेली पाती इंजिनात गेली की हिशेब फार मोठा होतो.

निघताना "धक्", वळताना "कटकट"

क्लच सोडून निघताना आणि पाय उचलताना एकेक "धक्" येत असेल तर इंजिन माउंटिंग. पुढचे टायर गुटक्यांनी अडवा, हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही दाबून ठेवा. आतल्या माणसाने पहिला टाकून क्लच गाडी ओढायला लागेल एवढाच सोडायचा, मग तसंच रिव्हर्सला. तुम्ही बाजूला उभं राहून इंजिन बघा. समोर किंवा मागे कोणी नको. इंजिन थोडं झुकणारच. इंचभर उचललं जात असेल किंवा कुठे आदळत असेल तर रबर फाटलंय. खालचं टॉर्क माउंटिंग, हाडकाच्या आकाराचं, बहुधा आधी जातं. द्रव भरलेल्या माउंटिंगवर काळा ओघळ दिसतो. बदलताना चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या डब्याखाली) लाकडी फळी घालून जॅकने इंजिनाला आधार द्या, नुसता जॅक लावला तर पत्र्याचं चेंबर चेपतं. आणि सगळे बोल्ट हाताने भरून, इंजिन आपल्या जागी स्वस्थ बसल्यावरच शेवटचं कसा, नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं.

वळून रेस देताना "कट-कट-कट" म्हणजे एक्सलचा बाहेरचा, चाकाकडचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवणारा सांधा). मोकळ्या पटांगणात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळू गोल फिरा, मग उजवीकडे. डावीकडे वळताना कटकट आली तर दोष सहसा उजव्या जॉइंटमध्ये, कारण बाहेरच्या चाकावर भार जास्त. सरळ जाताना रेस दिली की स्टिअरिंगऐवजी सगळी गाडी आडवी थरथरते आणि पाय उचलला की शांत होते, तेव्हा आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट.

या जॉइंटांचा शत्रू एकच: फाटलेलं रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं आवरण. निफाड-दिंडोरीकडच्या शेतरस्त्यांवर, इगतपुरीच्या चिखलात, खडीच्या कच्च्या रस्त्यावर बूटला चीर पडते, फिरताना ग्रीस बाहेर उडतं आणि आत वाळू जाते. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले दिसले की बूट फाटलंय, आवाज येवो न येवो. आवाज अजून सुरू झाला नसेल तर शाफ्ट काढून जॉइंट डिझेलमध्ये स्वच्छ धुवा, वाळवा, बूटच्या किटमध्ये येणारं मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस पूर्ण पाकीट भरा (साधारण ८० ते १२० ग्रॅम) आणि नव्या क्लिपा लावा. चेसीचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. कटकट सुरू झालेली असेल तर नुसतं बूट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात, आतल्या गोळ्यांचे खळगे झिजलेले असतात. तेव्हा जॉइंट किंवा पूर्ण शाफ्टच घ्या. शाफ्ट उपसताना गिअरबॉक्सचं ऑइल सांडतं, ट्रे लावा आणि जेवढं सांडलं तेवढं परत भरा. एक्सलचा नट नवाच वापरा आणि शेवटचं कसणं टॉर्क पान्याने. आकडा बऱ्याच गाड्यांत २०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा वर असतो. अंदाजाने गनने मारलेला नट व्हील बेअरिंग खातो.

बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारख्या मागची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत "धक्" आला तर प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसकडे, म्हणजे टोकाच्या सांध्याकडे बघा. चाकं अडवून, न्यूट्रलमध्ये, स्टँडवरच्या गाडीखाली शिरून शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळा. क्रॉसच्या टोप्यांशी जरा जरी खेळ दिसला तरी तो बदलायचा. टोप्यांच्या कडेला गंजाची तांबडी पूड ही त्याआधीची खूण. शाफ्ट उतरवण्यापूर्वी दोन्ही फ्लॅंजवर रंगाची रेघ मारून ठेवा आणि तशीच जुळवून परत बसवा. नाहीतर बॅलन्स जाऊन नवाच थरकाप सुरू होईल. रेस देताना मागून "ऊंऽऽ" आणि पाय उचलला की सूर बदलतो, तर डिफरन्शियल (मागच्या एक्सलमधला गिअरचा गोळा). आधी त्यातलं ऑइल बघा. फक्त रेसवर येणारा सूर त्यातल्या क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीकडे बोट दाखवतो, दोन्ही वेळा येणारा बेअरिंगकडे.

क्लचचे आवाज झटकन वेगळे होतात. न्यूट्रलला घरघर, पेडल दाबलं की बंद: गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. पेडल दाबलं की सुरू: रिलीज बेअरिंग. फेऱ्या चढतात, वेग चढत नाही आणि जळका वास येतो: प्लेट संपली.

चाकांचा गुणगुणाट रेसशी संबंधित नसतो, पण वेग वाढवतानाच लक्षात येतो म्हणून इथे. वेग धरून हलकेच उजवीकडे झुकवा. आवाज वाढला तर डावं बेअरिंग, कारण भार तिकडे गेला. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायर. टायरवर तळहात दोन्ही दिशांना फिरवा, एका दिशेला करवतीसारखं बोचलं तर अलाइनमेंट बिघडलंय.

गाडी तिथेच थांबवायची वेळ

इंजिनाच्या बुडातून जड, खोल "ठक्-ठक्", गरम झाल्यावर आणि रेस देताना वाढणारा, हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. घोटीहून नाशिक कितीही जवळ वाटलं तरी चालवत आणू नका. टो केलेल्या इंजिनात बहुधा बेअरिंग बदलून भागतं, तशीच चालवत आणलेल्यात क्रँकही जातो. याच्याशी दोन आवाज गल्लत करतात: थंडीत सुरू होऊन मिनिट-दोन मिनिटांत जाणारी पिस्टनची ठोक, आणि वरून येणारी टॅपेटची हलकी टिकटिक. दोन्हींना वेळ देता येतो, ऑइल मात्र तपासलंच पाहिजे.

गॅरेजला सांगताना फोनवर रेकॉर्डिंग न्या आणि सोबत एवढं बोला: "दादा, गाडी गरम झाल्यावर, तिसऱ्या गिअरला, दोन हजारच्या आसपास, चढावर, पुढून डावीकडून. न्यूट्रलला येत नाही. एसीने फरक पडत नाही." काढलेला जुना भाग परत मागा आणि झिजेची जागा स्वतः बघा.

दुरुस्तीनंतर ज्या रस्त्यावर, ज्या गिअरला आवाज येत होता तिथेच फेरी मारा. शंभर किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, होजच्या क्लिपा एकदा तपासा. एक्सल उघडला असेल तर पुढचा आठवडाभर सकाळी रिमच्या आतल्या बाजूवर आणि गिअरबॉक्सच्या सीलखाली बोट फिरवून बघा. बोट कोरडं निघालं पाहिजे.